कोरडे केस विंचरू नका

वहिनी,

तुला शेवटची आंघोळ घालायची होती तेव्हा अंगणात साड्यांचा आडोसा धरला होता. आत बायकांची गर्दी. तुझी नांदुऱ्याची काकू तुझ्या डोक्याशी बसली आणि बारीक दातांची फणी घेऊन तुझे केस वरून खाली ओढायला लागली. कोरडेच. दवाखान्यातल्या दिवसांचा गुंता होता त्यात. फणी अडकली की ती एका हाताने तुझं कपाळ दाबून धरायची, दुसऱ्या हाताने हिसका द्यायची, आणि त्या हिसक्याबरोबर तुझं डोकं मागे यायचं.

मी ओरडले. "कोरडे केस नका विंचरू!"

काकूने माझ्याकडे वर पाहिलं आणि अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाली, "पोरी, आता काय होते तिले? आता दुखते का?"

त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आता दुखत नाही म्हणून. आणि दुखत होतं तेव्हा? तेव्हा कुणी विचारलं होतं?

मी तिच्या हातातून फणी हिसकावली. न्हाणीतून तुझी कंडिशनरची बाटली आणली, तांब्याभर पाणी घेतलं. आई मागून म्हणाली, "हे काय लावून राह्यली? तेल लाव अन् वेणी घाल." मी ऐकलं नाही. केस भिजवले, बोटांनी टोकांकडून गुंता सोडवत वर वर गेले, जसं तू मला शिकवलंस तसं. बाहेरून माणसं "आटपा, आटपा" म्हणत होती. मी आटपलं नाही. मला जेवढा वेळ लागायचा तेवढा मी घेतला. मी रडत नव्हते, म्हणून कुणीतरी हळूच म्हणालं, ननंद लय कडक मनाची हाय. असू दे.

लोक म्हणतात गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, गेलेल्यावर रागावू नये. मी रागावणार आहे, वहिनी. घरावर तर आहेच. पण तुझ्यावरही आहे, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला दुसरं काही सुचत नाही.

तू आमच्या देऊळघाटच्या घरात आलीस तेव्हा तुझे केस सरळ होते. दादा तुला पाहायला येणार म्हणून याच काकूने तुला पार्लरमध्ये बसवून स्मूदनिंग करून घेतलं होतं, हे आम्हाला कुठे माहीत! आई पाहून आली आणि शेजारच्या बायकांना सांगत सुटली, "केस तं असे हायेत वो, फणी सोडली का आपोआप खाली येते." मी तेव्हा बुलडाण्याला कॉलेजात होते. माझ्या डोक्यात फणी सोडली तर ती जिथल्या तिथे उभी राहायची. शाळेत मला झिपरी म्हणायचे. आई रोज सकाळी मला गुडघ्यात दाबून बसवायची, तेलाने आणि पाण्याने चापून चोपून दोन वेण्या घालायची, आणि प्रत्येक ओढीबरोबर माझ्या आजीच्या माहेरचा उद्धार करायची, कारण हे केस तिकडून आले होते म्हणे. तू घरात आलीस तेव्हा मला तुझा हेवा वाटला. मी तुला पहिली काही वर्षं 'तुम्ही' म्हणत होते ते आदराने नव्हे, दुरून.

मग तुझ्या मुळांतून वेटोळी यायला लागली. आधी कानांजवळ, मग भांगात. तू पदर पुढे ओढायचीस, पिना लावायचीस, ओला हात फिरवायचीस. पण एका मंगळवारी आईने तुला तेल लावायला बसवलं आणि तिचा हात तुझ्या डोक्यावर थांबला.

"हे काय वो?"

तू पदर पुढे ओढायला लागलीस.

"मी काय इचारून राह्यली? हे केस कोनाचे? पाह्यलं तवा तं सरळ होते!"

तू हळू आवाजात सांगितलंस. मग आईने नांदुऱ्याला फोन लावला, स्पीकरवर, साऱ्या घराला ऐकू जाईल असा. "फसवलं तुम्ही आमाले. एक झिपरी हाय ना आमच्या घरात, आमी दुसरी कायले आनली असती?" मी दारात उभी होते, वहिनी. ती पहिली झिपरी. आईला त्याचं काहीच वाटलं नाही. तू तोवर उठून स्वयंपाकघरात गेली होतीस आणि पोळ्या लाटत होतीस. तिकडे तुझे वडील फोनवर माफी मागत होते आणि इकडे तुझं लाटणं थांबत नव्हतं. दादा ओसरीवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने मान वर केली नाही. एक शब्द बोलला असता तर काय गेलं असतं त्याचं? 'असू दे, आई.' एवढंच.

त्याने बोलण्याऐवजी काय केलं, तर दर काही महिन्यांनी तुला मोटारसायकलवर बसवून बुलडाण्याच्या पार्लरमध्ये न्यायला सुरुवात केली. पाव्हण्यारावळ्यांत न्यायचं असते, चारचौघांत बरं दिसावं, असं आईचं म्हणणं. तू परत यायचीस तेव्हा डोळे लाल, अंगाला त्या औषधाचा उग्र वास, तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागे टाचायचेसुद्धा नाहीत. एकदा तुझ्या कानामागची कातडी भाजली. मी विचारलं तर म्हणालीस, "काही नाही, घामोळ्या झाल्या." घामोळ्या! डिसेंबरात!

तू लपवायचीस. सगळंच लपवायचीस. आधी केस, मग भाजलेलं, मग दुखलेलं. माझा राग इथूनच सुरू होतो.

ईश्वरी पोटात राहिली तेव्हा तुला त्या पार्लरच्या वासाने ओकाऱ्या व्हायला लागल्या आणि ते थांबलं. आणि ती जन्मली तेव्हा तिच्या डोक्यावर ओली, काळी, बारीक वेटोळी. आई म्हणाली, "झालं!" सुइणीने बातमी दिल्यागत. तू मात्र तिच्या डोक्याचा वास घेत हसत होतीस. तुझं ते हसू मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

ती बसायला लागली होती तेव्हाची दुपार आठवते? घरात कुणी नव्हतं. तू मला मागच्या अंगणात बोलावलंस, माझ्या हातात आरसा दिलास आणि कापड कापायची कात्री घेऊन पाटावर बसलीस. तुझे केस तेव्हा अर्धे कुरळे आणि अर्धे सरळ होते. वरून दाट, खाली वाळल्या गवतासारखे लोंबते. "आरसा हालवू नको, पूनम," म्हणालीस आणि सरळ भाग कापत सुटलीस. मी घाबरून म्हणाले, "वहिनी, आई काय म्हनीन?" तू म्हणालीस, "म्हनू दे. फसवलं म्हनत होत्या ना? घे, आता खरं हाय थे समोर हाय."

केस खांद्याच्याही वर आले. तू डोकं हलवलंस तर ते सगळे आपापल्या जागी उडी मारून बसले. मी हसले, तू हसलीस, ईश्वरी उगाच टाळ्या पिटायला लागली. त्या दिवसापासून मी तुला 'तू' म्हणायला लागले.

संध्याकाळी आईने पाहिलं आणि दोन दिवस तुझ्याशी बोलली नाही. दादा जेवताना एकदा तुझ्याकडे पाहून म्हणाला, "लहान दिसून राह्यली तू." त्याच्या बाजूने तेवढंच. तू त्याच्यावरही खूश झालीस. मला त्याचाही राग येतो. इतक्या थोडक्यात खूश व्हायची सवय तुला कुणी लावली?

मग तू माझ्या मागे लागलीस. मोबाइलवर पाहून, करून, चुकून, पुन्हा करून तू जे शिकली होतीस ते सगळं माझ्या डोक्यावर आलं. केस रोज धुवायचे नाहीत. शाम्पू फक्त टाळूला, तोही थोडा. विंचरायचं ते फक्त ओले असताना, कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांपासून. टॉवेलने घासायचं नाही. दादाचं जुनं मऊ बनियन घ्यायचं आणि केस मुठीत धरून खालून वर दाबायचे. वाळायला लागले की हात मागे. "आता हात लावशीन तं पिंजारतीन," असं म्हणत तू माझ्या हातावर चापट मारायचीस. कुरळे केस सरळ केसांपेक्षा लवकर कोरडे पडतात, टाळूचं तेल त्यांच्या वळणांवरून टोकापर्यंत पोचतच नाही, हे तू मला बोट गोल गोल फिरवून समजावलंस. वीस वर्षं मला वाटत होतं, माझ्या केसांत खोट आहे. त्यांना फक्त पाणी हवं होतं.

पाण्यावरून तर घरात रणकंदन झालं. आपल्या बोअरचं पाणी जड, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. तुझं माहेर खारपाणपट्ट्यातलं, त्यामुळे पाण्याने केसांचं काय होतं हे तुला कुणी शिकवायची गरज नव्हती. तू शेवटचे दोन तांबे प्यायच्या जारमधून घ्यायचीस. आईने पकडलं.

"प्यायचं पानी केसायले? डोस्कं फिरलं का तुह्यं?"

"दोनच तांबे घेतले, आई. माह्या वाट्याचं कमी पेईन."

आणि ते जवस! तू पातेल्यात जवस उकळायला ठेवायचीस, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गरम असतानाच जुन्या मलमलीतून गाळायचीस, कारण थंड झालं तर ते फडक्यातून उतरतच नाही. बोटं भाजायची तुझी. आई दारातून म्हणायची, "जवसाची चटनी करतात, बाई. आमच्यात डोस्क्याले लावत नाईत." तू हसून म्हणायचीस, "चटनीबी करते ना, आई. उरलेल्या जवसाची." ते निथळत्या केसांना लावलं की वाळल्यावर केस पापडासारखे कडक व्हायचे. पहिल्यांदा मी घाबरून रडकुंडीला आले. तू तळहाताला खोबरेल तेलाचा थेंब चोळलास, ते कडक केस मुठीत घेऊन हलकेच चुरलेस, आणि माझ्या डोक्यावर माझे स्वतःचे केस पहिल्यांदा दिसले. एक एक लड वेगळी, मऊ. "पाह्य," तू म्हणालीस, "हे तुह्ये हायेत. आतापर्यंत यायले कोनी येऊच दिलं नाही."

याचे उपकार कसे फेडू, असं लिहायचं असतं इथे. मला लिहायचं नाही. कारण याच्यानंतरचं तुझं वागणं मला अजून समजलेलं नाही.

मला पाहायला पहिले पाहुणे येणार होते, मेहकरकडचे. सकाळी तू मला तुझ्या खोलीत नेलंस, दार लावलंस. टेबलावर केस सरळ करायची इस्त्री तापत होती. कुणाकडून तरी मागून आणलेली.

"बस. अर्ध्या घंट्याचं काम हाय."

मला वाटलं तू थट्टा करतेयस. "वहिनी, हे कायले?"

"पाव्हणे येऊन राह्यले ना."

"तू? तू सांगून राह्यली मले?"

"मीच सांगीन. दुसरं कोन सांगीन?" तू इस्त्रीचा ताव पाहत होतीस, माझ्याकडे पाहत नव्हतीस. "एक डाव घरात जाय. एक पोट्टं होऊ दे. मंग तुले जसे ठेवाचे तसे ठेव केस. मी नाही का ठेवले?"

"अन् तोवर? फोन, स्पीकर, सारं ऐकाचं?"

"तोवर सहन कराचं. साऱ्याच करतात."

"मंग तू मले शिकवलं कायले?"

तू म्हणालीस, "तुले ज्या दिवशी 'नाही' म्हनून निरोप येईन ना, त्या दिवशी तुह्या आईचं तोंड मले पाहा लागन. तुले नाही." मी म्हणाले, "येऊ दे." आणि बटण बंद केलं. तू पुन्हा चालू केलंस. मी वायर ओढून काढली. तू माझा दंड धरलास, दुखेल इतका घट्ट, आणि म्हणालीस, "तुले काय वाटते, हिंमत तुह्यातच हाय?"

मी केस मोकळे ठेवून, जसे आहेत तसे, चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले. मेहकरकरांचा नकार संध्याकाळच्या आत आला. आईने रात्रभर नव्हे, महिनाभर ऐकवलं, आणि मलाच नाही, तुलाही. "तूच बिघडवलं हिले." तेव्हा तू एकदाही म्हणाली नाहीस की मी तर इस्त्री घेऊन बसले होते. सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस आणि माझ्याशी बोलणं टाकलंस. हा कसला न्याय? माझ्यासाठी शिव्या खायच्या आणि माझ्याशीच बोलायचं नाही?

मग चिखलीचं स्थळ आलं. त्यांनी हो म्हटलं. सासूबाई नंतर म्हणाल्या, "केसाचं काय एवढं, पोरगी चांगली हाय." लग्नाच्या सकाळी तू आपण होऊन माझ्या मागे येऊन उभी राहिलीस आणि माझे केस केलेस. कुरळेच. एक एक लड बोटाला गुंडाळून, मोगऱ्याची फुलं टाचून. आरशात आपण दोघी एकमेकींकडे पाहत होतो. मी म्हणाले, "त्या दिवसाचं बोलायचं हाय मले." तू तोंडात पिन धरून म्हणालीस, "मंग बोलू." दिवाळीला आले तेव्हा म्हणालीस, "आता कायले? मंग." उन्हाळ्यात आले तेव्हा ईश्वरी आजारी. मी अजूनही म्हणते, माझं बरोबर होतं. तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत नाही. 'तुह्यं बरोबर होतं' असं म्हणाली असतीस का? की 'तुह्या मागे मी उभी होती म्हनून तुले जमलं' असं म्हणाली असतीस? मी रोज दोन्ही वाक्यं तुझ्या आवाजात म्हणून पाहते. दोन्ही खरी वाटतात, आणि मला आणखी राग येतो. भांडण अर्धं टाकून कुणी जातं का?

आणि ताप. मी चिखलीच्या लॅबमध्ये रोज लोकांचं रक्त तपासते, वहिनी. रोज. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. मी व्हिडिओ कॉल केला तर ईश्वरीने उचलला. "आई झोपली हाय." भर दुपारी? तू कधी दुपारी झोपायचीस? मी म्हणाले, फोन दे तिला. तू उठून बसलीस, पदर डोक्यावरून घेतलास, चेहरा लालबुंद. "काही नाही वो, दमली. सोंगनी हाय ना." ताप आहे का? "कणकण हाय. गोळी घेतली." मी म्हणाले, उद्या सकाळी बुलडाण्याला जाऊन रक्त दे. "सोंगनी झाली का जाईन." मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "ती तं म्हनते बरी हाय."

तो खोटं बोलत नव्हता. तू त्यालाही तेच सांगत होतीस. स्वयंपाक करत होतीस, मजुरांचा चहा करत होतीस, गोळ्या खाऊन ताप दाबत होतीस, जशी मुळांतून येणारी वेटोळी पाण्याने दाबायचीस. आणि घरातल्या दोन मोठ्या माणसांपैकी एकालाही तुझ्या कपाळाला हात लावून पाहावंसं वाटलं नाही. मी कुणाला सोडणार नाही यातलं, तुलाही नाही. बुलडाण्याहून तुला संभाजीनगरला हलवलं तेव्हा दादाने रिपोर्टचा फोटो मला पाठवला. रिपोर्ट वाचणं माझं काम. प्लेटलेटचा आकडा पाहिला आणि मी लॅबच्या खुर्चीत बसूनच राहिले.

आत एकाच माणसाला सोडत होते. दादाने मला पाठवलं. तुझे केस डोक्याखाली दबून त्यांचा गोळा झाला होता. मी काही न बोलता बोटांनी टोकं सोडवायला लागले. तू डोळे उघडलेस. मला वाटलं आता तरी बोलशील. ईश्वरीबद्दल, दादाबद्दल, त्या दिवसाबद्दल. तू म्हणालीस, "राहू दे, पूनम. कोन पाह्यते इथं?"

मी पाहत होते! मी, वहिनी! तुझ्या समोर बसून मीच पाहत होते. इतक्या वर्षांत तुला तेवढंही कळलं नाही? मी काही म्हणायच्या आत सिस्टरने मला बाहेर काढलं. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस, कुणाशीच नाही.

मग घरी आणलं तुला. आणि चौकात फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्यावर तुझा तो फोटो. बायोडाटाचा. सरळ, चमकदार, खांद्यावरून पुढे घेतलेले केस. ज्या केसांसाठी तुझ्या वडिलांना फोनवर माफी मागावी लागली त्याच केसांवर आता हार. ज्याला फसवणूक म्हणत होते तीच आता तुझी ओळख. मी दादाला ओसरीवर गाठलं.

"हाच फोटो भेटला तुले?"

तो म्हणाला, "दुसरा नव्हता."

"इतक्या वर्षांत दुसरा नव्हता?"

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. मी पाहत गेले. ईश्वरी, बैल, सोयाबीन, ईश्वरी, मित्र, देवदर्शन. तू होतीस, पण डोक्यावर पदर घेऊन, बाजूला, अर्धी कापलेली. तुझ्या केसांसकट तू कुठेच नव्हतीस. तो म्हणाला, "मी तिले कधी म्हनलंच नाही, उभी राह्य म्हनून." मला त्याची दया आली नाही. मी माझ्याजवळचे तुझे सगळे फोटो त्याला पाठवले आणि उठून गेले. तो बराच वेळ तिथेच बसून एक एक उघडत होता. फ्लेक्स मात्र चौकात तसाच होता.

तेरवीला मी सकाळीच पोचले. ईश्वरी धावत आली आणि मी दारातच उभी राहिले. तिचे केस कापले होते. पाठीपर्यंत येणारे ते केस, ज्यांना तू जन्मापासून कात्री लावू दिली नव्हतीस. पोरासारखे कापले होते, कानांच्या वर.

मी पिशवी टाकली आणि सरळ आईसमोर जाऊन उभी राहिले. काय काय बोलले ते मलाही आठवत नाही. सगळं काढलं. माझ्या वेण्या, तो फोन, पार्लर, जारचं पाणी, ताप. "ती गेली तं आता तिच्या पोरीलेही सोडलं नाही तू!" पाहुणे आले होते, आचारी आला होता, सगळे ऐकत होते. आई कोथिंबीर निवडत होती, तिचे हात तेवढे चालू होते. मला ते पाहून आणखी राग चढला.

माझा पदर कुणीतरी ओढला. ईश्वरी होती.

"आत्या, आजीले नको रागवू. मीच म्हनलं काप म्हनून."

"तू? कायले?"

"आजीले जमत नाही ना. लय दुखते." मग तिने माझ्या कानाशी तोंड आणलं, पण तिला हळू बोलता येत नाही, सगळ्यांना ऐकू गेलं. "मी रडली का आजीबी रडते. कंगवा तसाच हातात धरते अन् रडते. म्हनून मी म्हनलं, कापून टाक."

मी आईकडे पाहिलं. तिने कोथिंबीर खाली ठेवली होती.

मला राग काढायला माणूस उरलं नाही, वहिनी, आणि राग तर पुष्कळ उरला होता. मी मागच्या अंगणात जाऊन बसले. तेरवी झाली, पंगती उठल्या, पाहुणे गेले. मी चिखलीला परत निघायच्या बेतात होते तेव्हा आई माझ्या मागे आली. उभी राहिली. मग म्हणाली, "वाढतीन ना तिचे केस?"

"वाढतीन."

"तोवर मले दाखवून ठेवजो." मी मुद्दामच विचारलं, काय दाखवू? ती म्हणाली, "थे. ती करत होती थे. कसं करत होती?"

"ती होती तेव्हा इचारायचं होतं."

"हाव," आई म्हणाली. कारण नाही, सफाई नाही. नुसती उभी.

ईश्वरीच्या डोक्यावर शिकवण्याइतके केस उरले नव्हते. मी न्हाणीत गेले, स्वतःचं डोकं भिजवलं, कंडिशनर लावलं आणि निथळत्या केसांनी आईकडे पाठ करून पाटावर बसले. ईश्वरी समोर मांडी घालून बसली. आईने कंगवा हातात घेतला आणि सवयीप्रमाणे थेट टाळूवर टेकवला. ओढला. मी कळवळले.

"खालून, आई," ईश्वरी आणि मी एकदमच म्हणालो. ती 'आई'च्या जागी 'आजी' म्हणाली, एवढंच.

आईचा हात थांबला. मग तिने माझ्या केसांची टोकं तळहातावर घेतली आणि तिथून सुरुवात केली. हळू. फार हळू. एवढ्या वर्षांत तिच्या हाताने मला पहिल्यांदा दुखलं नाही.

हे तुझ्यासाठी व्हायला हवं होतं, तुझ्या डोक्यावर, तू पाटावर बसलेली असताना. ते झालं नाही, आणि तू थांबली नाहीस. यासाठी मी कुणालाच माफ केलेलं नाही, वहिनी. पण मी उठलेही नाही. केस पूर्ण सुटेपर्यंत बसून राहिले.